कोंबडीच्या डोक्यात भुकेचं बटण नाही: त्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

लातूर, नांदेड, परभणी सगळ्या साईडच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरायलाय, सोबत व्हिडिओ पण आहे, त्यात हातमोजे घातलेली माणसं पिवळी पिल्लं एकामागं एक मशीनला टेकवून टोचायलेत. मेसेज थोडक्यात असा: "शास्त्रज्ञांनी शोधलंय की मेंदूत ओरेक्झिनच्या पेशी असतात, भूक आणि जाग दोन्ही त्यांच्यातूनच चालतात. पक्ष्याचा मेंदू बारका, त्यात तर हे एकच बटण. शेडमध्ये रात्रभर लाइट ठेवून हे बटण दाबून धरतात, वरून पिल्लांना ओरेक्झिनचं इंजेक्शन देतात, म्हणून ४० दिवसांत कोंबडी अडीच किलोची होते. अशी कोंबडी, अशी अंडी खाल्ली की तेच केमिकल आपल्या डोक्यात जातं, म्हणून पोरं रात्री झोपत नाहीत आणि दिवसभर खा-खा करतात." शेवटी नेहमीचं, दहा जणांना पाठवा.

असले मेसेज मी सोडून देतो, पण हा जरा हुशारीनं लिहिलेला आहे. ओरेक्झिन खरंच आहे, लाइटचा कोंबडीवर परिणाम होतो हेही खरं आहे, पिल्लांना टोचतात हे तर डोळ्यांनी दिसतंय, म्हणजे तीन खऱ्या गोष्टी घेतल्या आणि त्यांच्या मधली जागा थापांनी भरली, त्यामुळं शिकलेली माणसं पण पुढं पाठवायलीत. मी बायोलॉजी शिकवतो आणि आमच्या भावकीत एकाचं ब्रॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचं, शेड आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली कोणीतरी काढणारच. शेडवाल्यांचं सगळं बरोबर आहे असं माझं म्हणणं नाही, खाली त्यांना पण बोललोय.

"भूक आणि जाग एकाच पेशींतून चालतात हे सिद्ध झालंय"

अर्धं खरं. १९९८ साली दोन टीमना हे रसायन जवळपास एकाच वेळी सापडलं. टेक्सासमधल्या साकुराई आणि यानागिसावा यांनी त्याला ओरेक्झिन म्हटलं, कॅलिफोर्नियातल्या डे लेसिया, किल्डफ, सटक्लिफ वगैरे मंडळींनी हायपोक्रेटिन म्हटलं, वस्तू तीच. साकुराईंच्या टीमनं ते उंदरांच्या मेंदूत थेट सोडलं तर उंदीर जास्त खायला लागले, त्यामुळं सुरुवातीच्या बातम्या सगळ्या भुकेच्याच. फॉरवर्ड लिहिणारा बिचारा १९९८ लाच अडकून बसलाय.

कारण पुढच्याच वर्षी प्रकरण वेगळ्याच दिशेला गेलं. स्टॅनफर्डला मिन्यो यांच्याकडं डॉबरमन आणि लॅब्राडॉर जातीचे असे कुत्रे होते की आवडीचं खाणं समोर आलं, खेळायला मिळालं, की आनंदाच्या भरात त्यांचे पायच गळून जायचे आणि ते जागच्या जागी आडवे व्हायचे, त्यांच्यात या ओरेक्झिनचा एक रिसेप्टर, म्हणजे ते रसायन जिथं जाऊन चिकटतं ती जागा, जन्मतःच बिघडलेली निघाली. त्याच वर्षी ओरेक्झिन अजिबात तयार न होणारे उंदीर बनवून बघितले, ते पण चालता चालता मधेच कोसळायचे. मग २००० साली नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अचानक झोप येण्याचा आजार, झालेल्या माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले तर या पेशी जवळपास गायबच. माणसाच्या मेंदूत अशा पेशी साधारण ५० ते ८० हजार असतात, अब्जावधी चेतापेशींमध्ये एवढ्या म्हणजे काहीच नाही, पण तेवढ्या गेल्या की माणूस जेवता जेवता, बोलता बोलता झोपी जातो.

आता हे भुकेचं बटण असतं तर नार्कोलेप्सीचे पेशंट वाळून काटकुळे व्हायला पाहिजे होते ना? होतं उलटं, त्यांचं वजन वाढायची शक्यता जास्त. उंदरांत पण तेच, २००१ मध्ये उंदरांच्या फक्त याच पेशी मारून बघितल्या, तर ते खात होते कमी आणि वयाबरोबर होत होते लठ्ठ, कारण हिंडणं-फिरणं आणि शरीराचा खर्चच कमी झाला होता. म्हणजे या पेशींचं मुख्य काम जाग टिकवून धरणं, आणि पोट रिकामं असेल तर जनावराला झोपू न देता अन्न शोधायला उठवणं. ग्रामपंचायतीचा भोंगा असतो बघा, आवाज सगळ्या गावाला जातो, लोक जागे होतात, पण कोणाच्या घरात काय शिजायचं ते भोंगा ठरवत नाही, तसं आहे हे. किती खायचं याचा हिशेब दुसरीकडं लागतो, आणि तो कुठं लागतो हे कोंबडीत फार छान दिसतं.

"पक्ष्यांत तर हेच एकमेव बटण"

इथं फॉरवर्ड सपशेल आपटतो, म्हणून इथं जरा जास्त वेळ घेतो.

आधी जागा बघू. भूक, झोप, तहान, अंगातली उष्णता, प्रजनन हे सगळं बघणारा भाग म्हणजे हायपोथॅलॅमस, मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या बरोबर वर. मासा, बेडूक, सरडा, कोंबडी, माणूस, सगळ्यांत तो आहे आणि त्याची मांडणी पुष्कळशी सारखी आहे, बाकी मेंदू कितीही बदलला तरी हा तळमजला फारसा बदललेला नाही. उंदरात आणि माणसात ओरेक्झिनच्या पेशी या हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या पट्ट्यात असतात. पक्ष्यांत, म्हणजे कोंबडी, बटेर, कबूतर, फिंच अशा ज्यांचे मेंदू पातळ काप काढून तपासले गेलेत त्यांच्यात, या पेशींचा घोळका मधल्या रेषेच्या जास्त जवळ, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला लागून सुरू होतो आणि तिथून बाजूला पसरतो. पण त्यांचे धागे कुठं कुठं जातात ते बघितलं तर चित्र ओळखीचं निघतं: मेंदूच्या देठातली नॉरअ‍ॅड्रेनलिनची गाठ, सेरोटोनिनच्या पेशी, म्हणजे जाग सांभाळणारी सगळी मंडळी, तिथं हे धागे जातात. थोडक्यात जागं राहण्याचं वायरिंग पक्ष्यातही आहे.

फरक एक मोठा आहे. सस्तन प्राण्यांत ओरेक्झिनचे दोन रिसेप्टर असतात, पक्ष्यांत एकच, आणि तो दुसऱ्या नंबरच्या रिसेप्टरसारखा, ज्याचा जागं राहण्याशी जास्त संबंध, तोच जो त्या कुत्र्यांत बिघडलेला होता.

आणि आता मुख्य गोष्ट. कोंबडीच्या पिल्लांच्या मेंदूत ओरेक्झिन सोडलं तर ती जास्त खातात का, हे कोणीतरी करून बघितलेलं आहे, आजचं नाही, १९९९ चं आहे. जपानमधल्या फुरुसे यांच्या टीमनं लहान पिल्लांच्या मेंदूत थेट ओरेक्झिन दिलं. खाणं वाढलं नाही. पुढं कबुतरांत बघितलं, तिथंही खाणं वाढलं नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीवर हा सगळा मेसेज उभा आहे ती गोष्ट कोंबडीत तपासून पंचवीस वर्षं झाली आणि निकाल नाही असा आला. बरं हे थेट मेंदूत देऊन, मानेत टोचून नाही.

मग कोंबडीला भूक कशानं लागते? हायपोथॅलॅमसच्या अगदी तळाला, पिट्युटरीच्या देठाजवळ एक छोटा पुंजका आहे, उंदरात त्याला आर्क्युएट म्हणतात, पक्ष्यांत इन्फंडिब्युलर, दोन्हीकडं काम तेच. तिथं दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी राहतात, एक म्हणते खा, दुसरी म्हणते पुरे. खा म्हणणाऱ्या पेशी न्यूरोपेप्टाइड वाय नावाचं रसायन सोडतात, आणि हे रसायन पिल्लांच्या मेंदूत दिलं की ती तुटून पडतात खाण्यावर, अमेरिकेत कुएन्झल यांनी १९८७ मध्येच दाखवलंय. पक्षी उपाशी ठेवला की याच पेशींचं काम वाढतं. म्हणजे भुकेचा हिशेब लावणारी जागा वेगळी, जाग टिकवणारी वेगळी. एकमेकींशी बोलतात त्या, नाही असं नाही, पण एक नाहीत.

त्यातही उंदरावरून कोंबडीवर उडी मारायची नाही याचं सगळ्यात झकास उदाहरण म्हणजे घ्रेलिन. पोट रिकामं झालं की जठरातून हे हार्मोन निघतं, माणसाला आणि उंदराला यानं भूक लागते, तेवढं आता कोणीही डाएटवाला सांगतो. तेच २००१ मध्ये कोंबडीच्या पिल्लांच्या मेंदूत दिलं तर पिल्लांनी खाणं कमी केलं. कमी! उलटाच कारभार. तसंच लेप्टिन, आपल्यात ते चरबीतून निघतं आणि मेंदूला सांगतं की साठा भरपूर आहे. कोंबडीचं लेप्टिन सापडलं म्हणून १९९८ च्या सुमारास जाहीर झालं होतं, पण ते संशयास्पदरीत्या उंदराच्या लेप्टिनसारखंच होतं आणि २००४ मध्ये कोंबडीचा सगळा जीनोम, म्हणजे जनुकांचा पूर्ण मजकूर, वाचला तर त्यात ते सापडेचना, त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. शेवटी २०१४ मध्ये बहिरी ससाणा आणि झेब्रा फिंच यांच्यात खरं पक्ष्यांचं लेप्टिन मिळालं, कोंबडीचं २०१६ मध्ये, आणि तेही मुख्यतः चरबीत नाहीच, मेंदूत वगैरे तयार होतं. सायन्समध्ये पण लोक उंदराचं कोंबडीला लावून फसलेत, पण त्यांनी सोळा-अठरा वर्षं लावून दुरुस्त केलं, आपण एका मिनिटात फॉरवर्ड करतो.

"मेंदू बारका म्हणून सगळं एकाच जागी"

बारका आहे, मोकळा नाही. २०१६ मध्ये ओल्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ जातींच्या पक्ष्यांच्या मेंदूतल्या चेतापेशी मोजल्या. मकाव पोपटाच्या मेंदूत ३०० कोटींच्या वर, रेव्हन जातीच्या मोठ्या कावळ्यात २०० कोटींच्या वर, आणि तेवढ्याच वजनाच्या माकडाच्या मेंदूपेक्षा पोपट आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूत पेशी दुपटीनं जास्त दाटीनं बसलेल्या. आता कोंबडी काही पोपट नाही, खरं ते सांगितलं पाहिजे, तिचा पूर्वज रानकोंबडा २२ कोटींच्या आसपास आहे, म्हणजे साधारण मोठ्या उंदराएवढा. पण २२ कोटी पेशींमध्ये भुकेला आणि जागं राहायला वेगळ्या जागा करायला भरपूर वाव आहे. झेब्राफिश माशाच्या तीळभर पिल्लात ओरेक्झिनच्या पेशी मोजक्याच असतात, तरी भुकेच्या पेशी त्याच्यातही वेगळ्याच आहेत. मेंदूच्या साइजचा इथं काही संबंधच नाही.

पक्ष्याचा मेंदू म्हणजे नुसतं उपजत वागणं, विचाराचा भाग नाहीच, हा समज शंभर वर्षं पुस्तकांतच होता, एडिंगर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या काळापासून. २००४-०५ मध्ये जगभरच्या लोकांनी बसून पक्ष्याच्या मेंदूतल्या भागांची नावंच बदलली, कारण जुनी नावंच चुकीचा अर्थ सांगत होती. कॉमेंटमध्ये एकानं लिहिलं होतं की "मुंडकं तोडल्यावर पण कोंबडी पळते, मेंदू कशाला लागतो तिला". अमेरिकेत माइक नावाचा कोंबडा १९४५ मध्ये मुंडकं तोडल्यावर दीड वर्ष जगला हे खरं आहे, पण कुऱ्हाड वर लागली होती, मेंदूचा देठ शाबूत राहिला होता, म्हणून श्वास आणि उभं राहणं चालू राहिलं. खायला मात्र मालक ड्रॉपरनं अन्ननळीत घालायचा. अर्थात चोचच नव्हती म्हणा, त्यामुळं त्याला भूक लागायची का हे कसं कळणार.

"रात्रभर लाइट म्हणजे बटण दाबून धरणं"

यात खरी गोष्ट आहे, पण ती या मेसेजवाल्याला माहीत नाही.

पक्ष्यांना प्रकाश फक्त डोळ्यांनी कळत नाही, कवटीतून थेट मेंदूला कळतो. फ्रान्समध्ये बेन्वा यांनी १९३५ मध्येच आंधळ्या बदकांवर दाखवलं की डोळे नसले तरी दिवस मोठा केला की त्यांचे वृषण वाढतात. नंतर अमेरिकेत मेनेकर यांनी चिमण्यांच्या डोक्याच्या कातडीखाली काळी शाई भरून प्रकाश अडवला, तर हा परिणाम घटला, आणि डोक्यावरची पिसं उपटली तर प्रकाशाचा असर वाढला. हा प्रकाश टिपणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसमध्येच आहेत, २०१० मध्ये जपानी टीमला बटेरात त्यातला एक ऑप्सिन, म्हणजे प्रकाश टिपणारं प्रथिन, सापडला. तिथून साखळी थायरॉइडच्या हार्मोनकडं आणि पुढं अंडाशयाकडं जाते. लेअरच्या, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या, शेडला हिवाळ्यात लाइट लावून दिवस १६ तासांपर्यंत नेतात तो यासाठी, दिवस मोठा झाला म्हणजे अंडी घालायचा सीझन आला असं पक्ष्याला वाटतं. ओरेक्झिनची पेशी दाबून धरायचा यात प्रश्नच कुठं येतो?

ब्रॉयलरचं वेगळं. तिथं लाइट खाणं दिसावं म्हणून असतो, कोंबडी अंधारात खात नाही, एवढं साधं. पूर्वी २३ तास लाइट, १ तास अंधार असला प्रकार सर्रास होता, अजूनही काही शेडमध्ये चालतो, आणि हे मला पटत नाही. कारण कोंबडी झोपते, व्यवस्थित झोपते, स्वप्नवाली झोप पण तिला येते, एक डोळा उघडा ठेवून अर्धा मेंदू झोपवायची कला पण पक्ष्यांकडं आहे, बदकांच्या रांगेत कडेला बसलेलं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपतं हे १९९९ मध्ये दाखवलंय. झोप तोडली की पायाचे आजार आणि मर वाढते. युरोपात २००७ च्या कायद्यानं ब्रॉयलरला दिवसातून कमीत कमी ६ तास अंधार द्यावाच लागतो, त्यातले ४ तास सलग. आणि गंमत अशी की अंधार दिल्यानं पक्षी उपाशी राहत नाही, लाइट जायच्या आधी तो खाऊन मानेखालची पिशवी गच्च भरून घेतो आणि रात्रभर तेच खाली सोडत राहतो. तुमच्या घरची गावरान कोंबडी बघा, दिवस मावळायच्या आधी कशी भराभरा चोच चालवते आणि मग खुराड्यात जाते. एकच बटण असतं तर झोपायच्या आधी, म्हणजे जाग ओसरत असताना, भूक वाढली कशी?

आणि याचं उलटं बघायचं असेल तर मे महिन्यात लातूर-नांदेड साईडच्या कुठल्याही शेडवर दुपारी दोनला जा. बाहेर ४२ डिग्री, उजेड म्हणजे डोळे दिपतील एवढा, पक्षी टक्क जागे, चोच उघडून धापा टाकायलेत आणि फीडला कोणी तोंड लावत नाही. शेडवाले दुपारचं फीड काढूनच घेतात आणि पहाटे, रात्री थंडाव्यात देतात, आणि त्यातही लोडशेडिंग आलं की फॅन बंद, मग तर पाणी मारत बसायचं. मेसेजप्रमाणं या वेळेला सगळ्यात जास्त खायला पाहिजे होतं त्यांनी. शेडमध्ये एक उन्हाळा काढलेला कुठलाही पोरगा तुम्हाला सांगेल की उजेड असणं, जागं असणं आणि भूक असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथं कोणी भोरड्यांचं उदाहरण देईल, म्हणून आधीच बोलतो. दरवर्षी ज्वारी भरात आली की भोरड्यांचे थवे येतात आपल्याकडं, गोफण घेऊन माळ्यावर बसलेल्या माणसाला दम खाऊ देत नाहीत, आणि परतीच्या प्रवासाआधी स्थलांतर करणारे पक्षी अक्षरशः चरबी चढेपर्यंत खातात आणि रात्री झोपही कमी घेतात. अमेरिकेतली एक चिमणी त्या सीझनमध्ये नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच झोपते असं २००४ मध्ये मोजलंय. मग झालं की सिद्ध, भूक आणि जाग एकत्र वाढली! नाही. ते पक्षी खातात दिवसा, आणि तळमळतात रात्री, पिंजऱ्यात ठेवले तरी रात्री पंख फडफडवत बसतात, दाण्याकडं बघत नाहीत. दोन्हीला सुरू करणारं कारण एक असू शकतं, ऋतू आणि दिवसाची लांबी, पण चालतात त्या वेगवेगळ्या वेळी. आणि भोरड्यांना कोणी रात्री बल्ब लावला नव्हता, हेही लक्षात घ्या.

"व्हिडिओत दिसतंय ना, ओरेक्झिन टोचायलेत"

ती लस आहे. एक दिवसाच्या पिल्लाला हॅचरीतच मानेच्या कातडीखाली देतात, मारेक्स नावाच्या आजाराची, लेअरच्या पिल्लांना तर हमखास. पुढची लस शेडमध्ये, राणीखेत आजाराची लासोटा डोळ्यात थेंब टाकून, गंबोरो आजाराची पाण्यातून. कुठल्याही शेडवाल्याला विचारा, तारखेसकट सांगेल.

ओरेक्झिन म्हणजे तीसेक अमिनो आम्लांची बारीक साखळी, इन्सुलिनच्या जातीची चीज. टोचली तर रक्तात काही वेळात तुटते, मेंदूपर्यंत पोचायचं तर आणखी अवघड, म्हणून तर प्रयोगात थेट मेंदूत सोडतात. एकदा टोचून ४० दिवस चालेल असं काही नाही, म्हणजे रोज, प्रत्येक पक्ष्याला, मेंदूत. पाच हजारांच्या शेडमध्ये. किलोमागं काही रुपये मिळणारा शेतकरी हे करणार? आणि केलंच समजा, तर वर सांगितलंच, पिल्लं जास्त खातच नाहीत त्यानं.

"मग ४० दिवसांत अडीच किलो कसं?"

हा प्रश्न योग्य आहे, आणि याचं उत्तर मेसेजमधल्या थापेपेक्षा जास्त भारी आहे.

नॉर्थ कॅरोलिनात हॅवनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९५७ सालच्या कोंबडीची जात, जी मुद्दाम न बदलता सांभाळून ठेवली होती, आणि २००१ ची ब्रॉयलर शेजारी शेजारी वाढवली, दोघींना जुनं फीड पण देऊन बघितलं आणि नवं पण. ४२ व्या दिवशी १९५७ ची कोंबडी जुन्या फीडवर ५३९ ग्रॅम, नव्या फीडवर ५७८. २००१ ची जुन्या फीडवर सुद्धा २१२६ ग्रॅम आणि नव्यावर २६७२. म्हणजे इंजेक्शन नाही, जादूचं फीड नाही, फरकाचा ८५ ते ९० टक्के भाग निवडक पैदाशीचा. जी जास्त वाढते तिचीच अंडी पुढं उबवायची, पिढ्यान् पिढ्या.

आणि इथं परत भुकेच्या मेंदूकडं येऊ, कारण मला हा सगळ्यात आवडणारा भाग आहे. व्हर्जिनियात पॉल सीगल यांनी १९५७ मध्येच एकाच जातीच्या पांढऱ्या कोंबड्या घेऊन दोन वंश सुरू केले, एकात ५६ दिवसांना सगळ्यात जड पक्षी निवडायचे, दुसऱ्यात सगळ्यात हलके. पन्नासेक पिढ्यांनी दोन्हींच्या वजनात दहा पटीहून जास्त फरक पडला. जड वंशातले पक्षी थांबतच नाहीत खायचे, म्हणून त्यांना मोजून द्यावं लागतं, आणि हलक्या वंशातली काही पिल्लं जन्मल्यावर दाणा समोर असून खातच नाहीत आणि मरतात. दोन्ही वंशांना लाइट तोच, शेड तेच. निवड झाली ती भूक किती लागावी याची, म्हणजे पुरे म्हणणारा जो हिशेब आहे त्याची. ब्रॉयलरमध्ये पण तेच झालंय, पुरे म्हणणारा आवाज बारीक झालाय. म्हणूनच ज्यांच्यापासून पिल्लं घेतात त्या मोठ्या ब्रॉयलरांना मोजून-मापून फीड देतात, मोकळं सोडलं तर त्या खाऊन खाऊन आजारी पडतात, आणि मोजून दिलं तर कायम अर्धपोटी राहतात. ही गोष्ट खरोखर अस्वस्थ करणारी आहे आणि यावर बोलायला पाहिजे, पण इंजेक्शनचा व्हिडिओ दाखवण्यात याचा पत्ताच लागत नाही कोणाला.

"खाल्ली की आपल्या डोक्यात जातं"

जात नाही. आधी तर ते मुख्यतः मेंदूतल्या मूठभर पेशींत असतं. मुंडी खाणारे आहेत आपल्याकडं, ठीक आहे, पण शिजवलं, जठरात गेलं की त्याची साधी अमिनो आम्लं होतात, डाळीची होतात तशीच. इन्सुलिनची गोळी खाऊन शुगर कमी करता आली असती तर इतकी माणसं रोज पोटात सुई टोचून घेत बसली नसती. पोरं रात्री झोपत नाहीत त्याचं कारण शोधायचं असेल तर त्यांच्या उशाखाली चार्जिंगला लावलेली वस्तू बघा आधी.

हे हलक्यात घेऊ नका म्हणतो कारण याआधी काय झालंय ते आपण बघितलंय. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीनं कोरोना होतो अशी अफवा उठली आणि भाव असे पडले की लोकांनी पक्षी फुकट वाटले. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंब्याला कोंबड्या मेल्या, तो मात्र खराच बर्ड फ्लू होता, नमुने तपासून पक्कं झालं आणि मग पक्षी नष्ट केले. खरा आजार कसा जाहीर होतो हे तिथं सगळ्यांनी बघितलं, त्याला दहा जणांना पाठवा असं लिहावं लागलं नाही. आत्ताचा मेसेज आल्यापासून आमच्याकडं दोन-तीन घरांत पोरांची उकडलेली अंडी बंद झालीत, आणि त्या घरांत दुसरं प्रोटीन म्हणजे वरणच, तेही पातळ. परवा एका वहिनींनी विचारलं, भाऊजी मग देऊ का नको अंडं? द्या वहिनी. रोज एक, नीट उकडून, आणि मेसेज डिलीट करा.